खिळा पाण्याखाली

गावाईच्या, म्हणजे आमच्या सुगीच्या सणाच्या, दुसऱ्या दिवशी सकाळी मिंडू नावेच्या मागच्या टोकाला जाऊन बसली आणि नावेच्या कुशीत ठोकलेला पितळी खिळा पाण्याखाली गेला. थोडाथोडका नाही, चांगला एक बोट.

तियोंगआजी कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून तेवढंच बघत होती. तिने खिळ्यावर बोट आडवं धरलं, काढलं, पुन्हा धरलं, आणि मग नावेत बसलेल्या पंधरा बायकांकडे एकेक करून पाहिलं. अडुसष्ट वर्षांची ही म्हातारी गेली वीस वर्षं आमच्या बायकांच्या नावेची वस्ताद होती. खिळा पाण्याच्या वर असला की नाव पळते, खाली गेला की कडेवरून पाणी आत येतं, एवढं तिचं साधं शास्त्र होतं.

"काल कोणी काय काय खाल्लं?" तिने विचारलं.

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. बोलणार काय? काल गावाई होती. भात घरात येऊन पडला होता, वर्षभराचे कष्ट संपले होते, आणि आमचं लांबघर, म्हणजे एका छपराखाली एकाच ओसरीवर उघडणारी बिऱ्हाडं, अठरा दारांचं आहे. एका टोकाच्या दारापासून सुरुवात करायची आणि दुसऱ्या टोकापर्यंत प्रत्येक घरात बसायचं. प्रत्येक घरात ताट समोर येतं. बांबूत शिजवलेली कोंबडी, बांबूतलाच चिकट भात, भाजलेलं डुक्कर, रंगीत थरांचा केक, आणि हे सगळं खाली ढकलायला तांदळाची दारू, तुआक. नको म्हणायची सोय नाही. समोर आलेल्या अन्नाला नाही म्हटलं की पुनी लागते. मग साप चावतो, झाडावरून पाय घसरतो, नाव उलटते. अगदीच जागा नसेल तर ताटाला बोट लावावं, ते ओठाला लावावं आणि उठावं. तेवढ्याने भागतं.

पण बोट लावून भागवणं मिंडूला जन्मात जमलं नव्हतं. समोरच्या बाईने पहाटेपासून चुलीपुढे बसून केलेलं, आणि आपण त्याला नुसतं बोट लावायचं? ती अठराही घरी जेवली होती. सातव्या घरात तर मागून घेतलं होतं.

"रविवारी शर्यत आहे. आज मंगळवार," तियोंगआजी म्हणाली. "रविवारपर्यंत कोणी पोटभर जेवायचं नाही. कोणी काही पुढे केलंच तर बोट लावा आणि चालू पडा. पुनी लागायची नाही आणि पोटही भरायचं नाही."

"सगळ्यांना कशाला शिक्षा, आजी?" पहिल्या वल्ह्यावरची लुन्सा म्हणाली. ही मिंडूची नणंद, आणि जीभ अशी की मिरीच्या घडांनी हिच्याकडून तिखटपणा शिकावा. "मागचं टोक बघा ना किती खाली गेलंय. मागे कोण बसलंय तेही बघा."

बायका हसल्या. मिंडूही हसली, पण हातातलं वल्हं तिने घट्ट धरलं.

त्याला कारण होतं. मिंडू अंगाने रुंद. लहानपणापासून तिच्या रुंदीवर सगळ्यांनी हात साफ करून घेतला होता: ही बसली की चटई उरत नाही, ही आली की जिना बोलतो. पण दहा वर्षांपूर्वी तियोंगआजीने तिला नावेच्या मागे बसवून सुकाणूचं मोठं वल्हं हातात दिलं आणि त्या रुंदीचं सोनं झालं. पाण्याचा लोंढा कितीही आडवा आला तरी मिंडूखालचं टोक हलत नसे. शिवाय त्या जागेवरून जे दिसायचं ते दुसऱ्या कोणालाच दिसत नव्हतं: समोर चौदा पाठी, एका वेळी वाकणाऱ्या, एका वेळी उठणाऱ्या. तिथे बसलं की मिंडूला आपण कोणीतरी आहोत असं वाटायचं. ती जागा गेली तर आपल्याकडे काय उरलं, हा विचार तिने कधी केला नव्हता, आणि मंगळवारी दिवसभर तिने दुसरा विचारच केला नाही.

त्याच दुपारी ओसरीवर मिरीची पोती तोलायचा काटा टांगला गेला. मे महिन्यात निवड झाली तेव्हा प्रत्येकीचं वजन तियोंगआजीने कोळशाने खांबावर लिहून ठेवलं होतं. आता एकेकजण काट्याच्या आकड्याला लटकली. लुन्सा तीन किलोने वाढली होती. ती म्हणाली काटा जुना आहे. मिंडू अडीच किलोने. मिंडूची भाची बुलान बिंटुलू शहरातल्या दुकानात कामाला, सुट्टीवर आलेली, वेताच्या काडीसारखी पोरगी. ती अर्धा किलो. सगळ्यांचं मिळून एकवीस किलो भरलं.

"पंधराजणींनी मिळून एक डुकराचं पिल्लू जास्तीचं नावेत आणलंय," तियोंगआजी म्हणाली. "ते गुरुवारपर्यंत उतरवा."

मग जो प्रकार झाला तो आमच्या लांबघराने कधी पाहिला नव्हता. गावाईच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घराघरांत उरलंसुरलं असतं, आणि ते संपवायला माणसं शोधावी लागतात. इथे पंधरा बायका दारासमोरून चोरपावलांनी जाऊ लागल्या. हाक आली की आत जायचं, बोट लावायचं, ओठाला लावायचं आणि बाहेर. बुधवारी संध्याकाळपर्यंत मिंडूच्या उजव्या बोटाला कोंबडी, आलं, गूळ, खोबरेल आणि खारवलेला मासा यांचा मिळून असा वास येत होता की तिला ते बोट नाकाजवळ नेण्याची भीती वाटू लागली.

एवढ्यावर ती थांबली नाही. जे काल जास्तीचं खाल्लं ते आज वसूल करायचंच असं तिने ठरवलं होतं. भर उन्हात मिरीच्या मळ्याच्या चढावर ती चार वेळा चढली आणि उतरली. कडू पानांचा काढा प्यायली. तिचा नवरा उंगात जिन्यावर बसून जाळं शिवत होता. पाचव्यांदा ती समोरून गेली तेव्हा त्याने मान वर केली.

"कोणी मागे लागलंय का तुझ्या?"

"अठरा ताटं लागलीत."

"अगं, एका दिवसाचं खाणं ते. वर्षात एकदा खातेस. दोन दिवस नेहमीसारखी जेव, आपोआप उतरेल."

"आणि नाही उतरलं तर? तुमचं काय जातंय, तुम्हाला कुठे शर्यतीला बसायचंय."

उंगातने मान खाली घातली आणि जाळं शिवायला लागला. लग्नाला बावीस वर्षं झालेला माणूस होता तो.

गुरुवारी पहाटे पुन्हा काटा टांगला. आणि काय सांगावं, प्रत्येकजण खांबावरच्या आकड्याला येऊन पोचली होती. मिंडू तर एक किलोने खाली. लुन्साने काट्याला नमस्कार केला. बायका गाणी म्हणत नदीवर गेल्या, रांगेने नावेत बसल्या, आणि शेवटी मिंडू बसली.

खिळा पाण्याखाली गेला. पुरता एक बोट.

गाणी थांबली. तियोंगआजीने हात हलवला, म्हणजे चला, मारा एक फेरी. नाव निघाली. चौदा पाठी मिंडूसमोर होत्या, पण आज त्या एका वेळी वाकत नव्हत्या. कोणाचा हात उशिरा पडत होता, कोणाचा दम लागत होता. मिंडूच्या स्वतःच्या डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. वळणावर वाळूचा दांडा येतो तो तिला जन्मापासून माहीत. तरी तिने वल्हं अर्ध्या क्षणाने उशिरा टाकलं आणि नाव घसपटत जाऊन त्या दांड्यावर चढली.

कोणाला लागलं नाही. पण काठावर आल्यावर तियोंगआजी मिंडूच्या शेजारी बसली आणि तिने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. तो हात ठेवताच मिंडूला कळलं.

"तू केलंस तेवढं केलंस, पोरी," आजी म्हणाली. "पण खिळा काही वर येत नाही. उद्यापासून तू काठावर राहा, मागे बुलानला बसवते. शेहेचाळीस किलोची आहे. बाकीच्यांनी रविवारपर्यंत असंच अर्धपोटी राहायचं."

"आजी, मला सुकाणू धरता येत नाही," बुलान म्हणाली.

"तीन दिवसांत येईल."

लुन्साने आपलं वल्हं उचललं आणि घराची वाट धरली.

मिंडू रडली, पण घरी जाऊन नाही. घराच्या भिंती पातळ, पलीकडच्या बिऱ्हाडात शिंक ऐकू जाते. दुपारी सगळे आडवे झाल्यावर ती नदीवर आली. नावेच्या मागच्या टोकाला तिची बसायची फळी होती, तिच्या मापाची, ती काढून न्यायला. पोटभर रडून झाल्यावर तिने नाक पुसलं, नाव जवळ ओढायला दोरी धरली आणि ओढली.

नाव आली नाही.

तिने दोन्ही हातांनी ओढली. नाव जेमतेम वीतभर सरकली आणि सुस्तावल्यासारखी तिथेच राहिली. एरवी मिंडू एका हाताने हे टोक दगडगोट्यांवर चढवायची. भुकेने आलेला अशक्तपणा असेल, असं तिला आधी वाटलं. मग तिने नावेच्या कडेवर हात फिरवला. लाकूड काळं पडलं होतं, आणि नखाने दाबलं तर नख आत गेलं आणि पाणी वर आलं.

मिंडू तिथेच पाण्यात बसली.

मागच्या वर्षी लुन्साचे दोन्ही दीर मस्करीत नावेत चढले होते, तेव्हा खिळा अर्धं बोट बुडाला होता. दोन धडधाकट पुरुषांना अर्धं बोट. मग डुकराच्या एका पिल्लाला पूर्ण बोट कसं? आणि आता तर ते पिल्लूही उतरलं होतं. जास्तीचं वजन बायकांत नव्हतंच. ते नावेत होतं. सरावानंतर नाव रोज वर काढायची, ओंडक्यांवर उपडी घालायची आणि वाऱ्याला सुकू द्यायची, हा आमचा नेम. गावाईच्या आधीच्या शुक्रवारी पाहुण्यांच्या नावांनी सगळा धक्का भरला म्हणून ती झाडाला बांधली होती, आणि तेव्हापासून सात दिवस ती पाण्यातच होती. सगळं लांबघर खात-पीत होतं तेव्हा नावही पोटभर पीत होती.

आणि माणसं जमवून नाव वर काढणं हे मागे बसणारीचं काम. मिंडूचं. पहिले चार दिवस ती सणाच्या तयारीत आणि ताटांत गुंतली होती, नंतरचे तीन दिवस स्वतःच्या पोटात.

ती धावत घरी गेली आणि उंगातला उठवून सगळं सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं, मग डोकं खाजवलं.

"सोपं आहे. मी भावांना घेऊन आत्ताच नाव वर काढतो. ऊन आहे, रविवारपर्यंत सुकेल. खिळा वर येईल. तू काही बोलू नकोस."

"मग खिळा वर आल्यावर सगळ्या म्हणतील, मिंडू उठली म्हणून आला. जन्मभर म्हणतील."

"म्हणू देत. नाहीतर म्हणतील मिंडूने काम केलं नाही. तू बघ, तुला कुठलं आवडतंय."

मिंडू उंबऱ्यावर बसली आणि बघायला लागली. जाडी म्हणवून घ्यायची तिला सवय होती, ते दुखायचं पण जुनं दुखणं होतं. कामचुकार असं तिला आजवर कोणी म्हटलं नव्हतं. तिच्या हातून एक गोष्ट नीट व्हायची, आणि तीच तिच्या हातून राहिली होती. गप्प बसावं, असंच तिच्या मनाने जवळजवळ घेतलं. चार दिवसांनी सगळे विसरतील.

तेवढ्यात खांबांवर उभ्या असलेल्या घराच्या खालून, जिथे भाताच्या कणग्या असतात तिथून, काहीतरी खुडखुड ऐकू आलं. मिंडू वाकून बघते तर लुन्सा. कणगीमागे उकिडवी बसलेली, पुढ्यात गार झालेल्या चिकट भाताचा बांबू, आणि त्यात बोट.

"काय करतेयस?"

"बोट लावतेय," लुन्सा म्हणाली. तिचे गाल भरलेले होते.

"कितव्यांदा?"

लुन्साने घास गिळला. "वहिनी, कोणाला सांगू नकोस. सकाळी वल्हं उचलताना माझे हात असे थरथरत होते. मला वाटलं आता पाण्यात पडते. रविवारी मी नाही मारू शकणार गं. मी तुला बोलले, आणि मीच..." आणि ही तिखट बाई भाताने बरबटलेल्या हाताने डोळे पुसायला लागली.

त्यानंतर मिंडूला फार विचार करावा लागला नाही.

"जेव," ती म्हणाली. "बस नीट, मांडी घालून, आणि पोटभर जेव. तुझं पोट निर्दोष आहे."

ती सरळ ओसरीवर गेली आणि तिने घंगाळाएवढी मोठी घंटा बडवली. भर दुपारी ती घंटा वाजते ती आग लागली तर किंवा कोणी गेलं तर. अठराही दारं उघडली. बायका आल्या, पुरुष लुंग्या सावरत आले, तियोंगआजी केस मोकळे टाकून आली. लुन्सा हात धुऊन आली.

मिंडूने सगळं सांगितलं. लाकूड, नख, सात दिवस. काम माझं होतं आणि मी केलं नाही, हेही सांगितलं.

तियोंगआजी खांबाला टेकून ऐकत होती. "नाव वर काढणं कोणाचं काम?"

"माझं, आजी."

"गावाईच्या दिवशी, ऊन उतरल्यावर, तू कुठे होतीस?"

"बाराव्या दाराशी," मिंडू म्हणाली. खोटं कशाला बोलायचं? "तिथून तेराव्या."

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. ते दाबायला गेलं तसं दुसऱ्याला आलं. तियोंगआजीचा चेहरा मात्र हलला नाही, म्हणून सगळे पुन्हा गप्प झाले.

मग बुलान म्हणाली, "मी रोज सकाळी त्या नावेला टेकून दात घासायचे. मला दिसत होती ती पाण्यात."

"मी पोरांना तिच्यात बसवून आंघोळ घातली," दुसरी एक म्हणाली.

"मी तिच्यावर धुणं आपटलं," लुन्सा म्हणाली. "दोन दिवस. मलासुद्धा वाटलं, आज ही चांगली घट्ट राहिलीये, हलत नाहीये."

आता मात्र कोणाला आवरलं नाही. पंधराच्या पंधराजणी दिवसातून दोनदा त्या नावेशेजारी पाण्यात उतरल्या होत्या. कोणी तिला केस विंचरायला आरसा टेकवला होता, कोणी ओलं लुगडं वाळत घातलं होतं. एकीचं सांगून होईपर्यंत दुसरी सुरू करायची, आणि हसून हसून बायका एकमेकींच्या अंगावर पडू लागल्या. तीन दिवसांच्या उपाशी पोटांना ते हसणं सोसवत नव्हतं.

शेवटी तियोंगआजी खांबापासून बाजूला झाली.

"मी मंगळवारी कमरेएवढ्या पाण्यात उभी होते," ती म्हणाली. "एक हात खिळ्यावर होता. दुसरा हात नावेवर, त्या भिजलेल्या लाकडावर. वीस वर्षांची वस्ताद मी. मला तुमची पोटं दिसली, हाताखालचं लाकूड दिसलं नाही." तिने मिंडूकडे पाहिलं. "तुझ्यावर फार लादलं मी, पोरी. चुकलं माझं."

तियोंगआजीच्या तोंडून हे शब्द ओसरीने पहिल्यांदाच ऐकले.

"मग मागे कोण बसणार?" बुलानने घाबरत विचारलं.

"जिला आपल्या तोंडाने आपली चूक सांगता आली ती बसेल," लुन्सा म्हणाली. "आणि बुलानला बसवणार असाल तर आत्ताच सांगा, मी शर्यतीला पोहत जाते."

त्या संध्याकाळी नाव वर निघाली. तीस माणसं लागली. ती ओंडक्यांवर उपडी घातली तेव्हा तिच्यातून कितीतरी वेळ पाणी ठिबकत राहिलं, आणि उंगातने तिच्या पोटावर थाप मारून म्हटलं, "हिला आता रविवारपर्यंत उपास." मग घराघरांत चुली पेटल्या. त्या दिवशी गावाईसारखं कोणी जेवलं नाही, तशी इच्छाही नव्हती. नेहमीचा भात, नेच्याच्या कोवळ्या पानांची भाजी, नदीतला मासा. मिंडूने दोनदा वाढून घेतलं आणि ती थांबली, कारण पोट भरलं होतं. शुक्रवारी-शनिवारी सगळ्या मिरीच्या मळ्यात खुरपायला गेल्या आणि संध्याकाळी भूक लागली म्हणून जेवल्या.

रविवारी सकाळी खालच्या बाजाराच्या धक्क्याशी चौदाजणी नावेत बसल्या, शेवटी मिंडू बसली, आणि खिळा पाण्याच्या वर राहिला, उन्हात चमकत. तियोंगआजीने त्याच्याखाली बोट धरलं. बोटाला जागा होती.

शर्यतीचं काय सांगावं? बारा नावा होत्या. वळणावर वरच्या गावाची नाव आडवी आली तेव्हा मिंडूने सगळं अंग वल्ह्यावर टाकलं, आणि ते रुंद, जड, लोकांनी हसून घेतलेलं अंग फळीवर असं रुतलं की टोक तसूभर हललं नाही. समोर चौदा पाठी वाकल्या, उठल्या, वाकल्या. एकच पाठ असल्यासारख्या. मिंडू त्या पाठींकडे बघत ओरडत होती, हसत होती, आणि आपण रडतोही आहोत हे तिला नाव रेषेपलीकडे गेल्यावर कळलं. पहिल्या आल्या होत्या, अर्ध्या नावेने.

बक्षिसाला एक जिवंत डुक्कर होतं. घरी पोचेपर्यंत पुरुषांनी पुढे येऊन जाळ पेटवला होता, बांबू चुलीत लागले होते, तुआकचे रांजण उघडले होते, आणि ओसरीवरून हाका सुरू झाल्या होत्या. बायका नावेतून उड्या टाकून वर पळाल्या. मिंडू मागे राहिली. तिने दोरी हातात घेतली आणि कोणालाही हाक मारली नाही. सगळ्या एवढ्या खुशीत होत्या की तिला जिवावर आलं. जमेल तेवढी एकटीनेच ओढू, असं म्हणून तिने पाय रोवले.

जिन्याच्या मध्यावर लुन्सा थांबली. वळून तिने खाली पाहिलं. मग ती परत उतरली. तिच्यामागून बुलान, बुलानमागून बाकीच्या, आणि सगळ्यांत मागून तियोंगआजी, एकेक पायरी मोजत. वर ताटं वाढलेली, वाफ निघत होती, माणसं ओरडून बोलावत होती, आणि पंधरा बायका व एक म्हातारी गुडघाभर पाण्यात उभ्या राहून नावेला खांदा देत होत्या.

"येतो," लुन्सा वर बघून ओरडली. "आधी हिला काढू दे."

नाव हलकी होती. पहिल्याच हिसक्याला वर आली.